बॅटरीचा दिवा लागला म्हणून बॅटरी बदलू नका



या पानावर एरवी पाणी, खत, फवारणी, छाटणी यांच्या नोंदी असतात. आजची नोंद गाडीची आहे. सीताफळ आणि वाटाणा दोन्ही सुरू आहेत, ज्याची त्याची पिकअप रोज रात्री पुण्याच्या रस्त्याला लागते, आणि गेल्या पंधरा दिवसांत तीन जणांनी मला एकच प्रश्न केला, "मीटरवर बॅटरीचा लाल दिवा लागतोय, कोणत्या कंपनीची बॅटरी घेऊ?" मी तिघांनाही विचारलं, व्होल्ट किती आले? तिघांपैकी एकानंही मोजले नव्हते. ते ज्या दुकानात गेले तिथंही कोणी मोजले नव्हते. नवी बॅटरी मात्र काउंटरवर काढून ठेवलेली होती.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. व्होल्ट मोजल्याशिवाय बॅटरी विकणं आणि विकत घेणं, दोन्ही बंद व्हायला पाहिजे. दोन-तीनशे रुपयांत साधा डिजिटल मीटर मिळतो. तो प्रत्येक पिकअपवाल्याच्या आणि ट्रॅक्टरवाल्याच्या घरात पाहिजे, आणि घरातल्या निदान एका माणसाला तो लावता आला पाहिजे. "आपल्याला त्यातलं काय कळतंय, वायरमन बघून घेईल" हे मला पटत नाही. मोटरच्या स्टार्टरचं, ड्रिपच्या व्हेंच्युरीचं, फवारणीच्या नोझलचं आपल्याला कळतं, मग बारा व्होल्टचं का कळू नये?

आता त्या दिव्याबद्दल. दिव्यावर चित्र बॅटरीचं आहे, म्हणून सगळे बॅटरीकडे बोट दाखवतात. पण तो दिवा बॅटरीची तब्येत सांगतच नाही. तो सांगतो की बॅटरीला वरून येणारं चार्जिंग बंद पडलंय. चार्जिंग देतो अल्टरनेटर, ज्याला आपण सगळे अजून डायनामोच म्हणतो. इंजिनच्या पट्ट्यावर तो फिरतो आणि गाडी चालू असताना दिवे, हॉर्न, वायपर, इंजिनचा कॉम्प्युटर हे सगळं तोच चालवतो, उरलेलं बॅटरीत भरतो. बॅटरीचं मुख्य काम सेल्फ मारण्याचं. गाडी सुरू झाली की ती नुसती साठवणीची टाकी.

दिव्याची रचना अगदी साधी आहे. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत दिव्याच्या एका बाजूला चावीतून बॅटरीचा करंट येतो आणि दुसरी बाजू डायनामोला जोडलेली असते. चावी फिरवली, इंजिन अजून बंद, म्हणजे एका बाजूला बारा व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. करंट वाहतो, दिवा लागतो. इंजिन सुरू झालं, डायनामो तयार व्हायला लागला, की दोन्ही बाजूंना सारखाच दाब होतो. दोन शेततळी एकाच पातळीला असली तर मधल्या पाइपातून पाणी वाहत नाही, तसंच. दिवा विझतो. चालता चालता दिवा परत लागला तर समजायचं की डायनामोच्या बाजूचा दाब पडला. त्यात बॅटरीचा दोष असलाच तर तो दहा नंबरला.

यात अजून एक गोष्ट आहे, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. त्या दिव्यातून जाणारा छोटासा करंटच डायनामोच्या आतल्या रोटरला पहिली चुंबकशक्ती देतो. म्हणून जुन्या गाडीत दिव्याचा बल्ब उडाला तर काही वेळा डायनामो चार्जिंगच सुरू करत नाही, किंवा रेस जोरात दिल्यावरच करतो. आणि आपल्याकडं असे महाभाग आहेत की दिवा सारखा लागतो, डोळ्यांना खुपतो, म्हणून बल्बच काढून टाकतात. दोन ट्रॅक्टरवर मी हे स्वतः पाहिलंय. सकाळी चावी फिरवल्यावर इंजिन सुरू होण्याआधी तो दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर तोही बिघाडच.

आपले कृषी सहाय्यक आणि कृषी पदवीधर मित्र हे पान वाचतात. त्यांना हे चटकन कळेल. चुनखडीच्या रानात उसाचं किंवा द्राक्षाचं कोवळं पान पिवळं पडतं, शिरा हिरव्या राहतात. शेतकरी पिवळं बघतो आणि युरिया टाकतो. पण नत्राची कमतरता असती तर आधी जुनी, खालची पानं पिवळी झाली असती. इथं कमी पडलंय लोह. तेही जमिनीत नाही असं नाही, आहे, पण सामू जास्त असल्यामुळं मुळांना मिळत नाही. युरियाच्या गोण्या ओतून ते पान हिरवं होत नाही. रिकामी झालेली बॅटरी बदलणं हे त्या युरियासारखंच आहे. नवी बॅटरी दुकानातून भरूनच येते, त्यामुळं दोन-चार दिवस सगळं झकास चालतं. सेल्फ कडक मारतो, दिवे लख्ख. मालक खूश, दुकानदार खूश. पाचव्या दिवशी परत टक-टक-टक. तोवर जुनी, कदाचित चांगली असलेली बॅटरी मोडीच्या भावात दुकानात जमा झालेली असते.

मग मोजायचं काय? मीटर डीसी व्होल्टच्या २० वर ठेवा. लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला.

पहिलं माप रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचं, सकाळी, चावी न लावता. १२.६ च्या आसपास आलं तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इथं लगेच "बॅटरी गेली" म्हणायचं नाही. रिकामी असणं वेगळं आणि खराब असणं वेगळं. तिला चार्जरवर सावकाश भरा. ६० अँपिअर-अवरची असेल तर ५-६ अँपिअरनं, रात्रभर. भरल्यानंतर काढून ठेवा आणि काही तासांनी परत मोजा. १२.६ वर टिकली तर निदान साठवण शाबूत आहे. मग सेल्फ मारताना बघा, व्होल्ट साडेनऊ-दहाच्या खाली धाडकन पडत असतील तर मात्र तिचं वय झालं.

दुसरं माप इंजिन चालू करून, थोडी रेस देऊन. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आलं पाहिजे. इंजिन चालू असूनही १२.४, १२.३ असं खाली-खाली येत असेल तर डायनामो काही देत नाही, गाडी बॅटरी खातेय.

तिसरं माप हेच, पण हेडलाइट, वायपर, पंखा सगळं लावून. तेव्हाही १३.५ च्या आसपास टिकलं पाहिजे. मोकळ्यावर १४ आणि दिवे लावल्यावर १२.५, असं झालं तर पट्टा घसरतोय, कार्बन झिजलेत किंवा आतला एखादा डायोड गेलाय.

एवढ्याला पाच मिनिटं लागतात. पाच-सहा हजारांची बॅटरी घेण्याआधी पाच मिनिटं.

बीएस-सहा गाडी असेल तर एक लक्षात ठेवा. तिथं चार्जिंग कॉम्प्युटरच्या ताब्यात असतं, डिझेल वाचवायला तो मुद्दाम व्होल्ट कमी-जास्त करतो. त्यामुळं एकदा १२.८ दिसलं म्हणून घाबरू नका. हेडलाइट लावून, थोडं थांबून परत मोजा. तिथं शंका राहिली तर ज्याच्याकडं स्कॅनर आहे त्याच्याकडंच न्या.

वरचा आकडा का महत्त्वाचा, ते सांगतो. शेजारच्या वस्तीवरच्या अण्णांनी एका वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या. दिवा कधी लागलाच नाही. बॅटरी मात्र सहा-सात महिन्यांत फुगायची, पाणी आटायचं, झाकणाभोवती आम्लाचा ओलावा आणि टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी. दुकानदार म्हणायचा, "अण्णा, उन्हाळा कडक आहे, बॅटऱ्या टिकत नाहीत. यावेळी मोठी टाका, विषय संपला." तिसरी घ्यायला निघाले तेव्हा मी मीटर घेऊन गेलो. इंजिन चालू केलं, रेस दिली, १५.६. डायनामोचा रेग्युलेटर बिघडून अडकला होता आणि बॅटरीला उकळून काढत होता. या बिघाडात तो लाल दिवा साधारणपणे लागत नाही, कारण चार्जिंग तर होतंय, उलट जास्तच होतंय. नवा रेग्युलेटर बसवला, १४.२ आलं. अण्णा त्या दिवशी काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी म्हणाले, "त्या दोन बॅटऱ्यांच्या पैशात रानाला एक लॅटरलचं बंडल आलं असतं." दुकानदाराला मी लबाड म्हणणार नाही. त्याला विकायचं असतं आणि गिऱ्हाईक विचारत नाही, एवढंच.

डायनामो या नावावरून अजून एक जुनी खोड सांगतो. पूर्वी गाड्यांना खरोखरच डीसी डायनामो असायचा, कटआउटवाला. अल्टरनेटर नंतर आला. अमेरिकेत १९६० च्या व्हॅलियंट गाडीपासून तो मोठ्या प्रमाणावर बसायला लागला आणि हळूहळू सगळीकडं पसरला. नाव मात्र आपल्याकडं जुनंच राहिलं, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती जुन्या तपासणीला. गाडी चालू असताना बॅटरीचं टर्मिनल उपटून बघायचं, इंजिन बंद पडलं तर डायनामो गेला, चालू राहिलं तर चांगला. हे अजूनही अनेक गॅरेजमध्ये चालतं. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कितीतरी वर उसळतं. त्यात त्याचेच डायोड उडतात, कॉम्प्युटर, मीटर, टेप जे काही जोडलेलं असेल ते जळू शकतं. आणि जुन्या डिझेल इंजिनला तर चालू राहायला विजेची फारशी गरजच नसते, त्यामुळं डायनामो मेलेला असला तरी ते फिरत राहतं. म्हणजे तपासणी खोटी आणि नुकसान खरं. कोणी तुमच्या गाडीला असं करायला लागला तर हात धरा.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. त्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो.

आपली पिकअप रात्री दोन-अडीचला सासवडहून निघते आणि दिवे घाट उतरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाते. मागं दीड टन माल, उतार, वळणं आणि समोरून येणाऱ्या गाड्या. बऱ्याच जुन्या डिझेल जीप आणि पिकअपला ब्रेकचा व्हॅक्युम पंप डायनामोच्या पाठीवरच बसवलेला असतो. एकाच दांड्यावर दोन्ही. पट्टा तुटला की डायनामो थांबतो, लाल दिवा लागतो, आणि त्याच वेळी व्हॅक्युम तयार होणंही थांबतं. साठलेल्या व्हॅक्युमवर दोन-तीन वेळा ब्रेक हलका लागतो. त्यानंतर पॅडल दगडासारखं होतं. ब्रेक पूर्ण जात नाही, पण पायात दुप्पट-तिप्पट जोर लावावा लागतो, आणि ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं ब्रेक फेल झाला. घाटात तेवढा एक क्षण पुरतो.

त्याच पट्ट्यावर अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही असतो. पट्टा गेला तर इंजिन तापणार, हेड जाणार.

म्हणजे तो लाल दिवा काही वेळा विजेचा प्रश्न सांगत नसतो, ब्रेकचा आणि पाण्याचा सांगत असतो. "बॅटरीचं काय ते उद्या बघू, आधी माल पोचवू" असं म्हणून जो घाट उतरतो त्याला कोणी हे सांगितलेलंच नसतं. गाडी विकणारा सांगत नाही, लायसन काढताना कोणी सांगत नाही. म्हणून मी सांगतोय.

रस्त्यात दिवा लागला तर आधी नजर टेंपरेचरच्या काट्यावर टाका. काटा चढत असेल किंवा स्टिअरिंग, ब्रेक जड झाला असेल, तर जिथं बाजूला घेता येईल तिथं थांबा, इंजिन बंद करा, बोनेट उघडून पट्टा आहे का बघा. उतारावर असाल तर गिअर खालचा टाका, ब्रेक पुन्हा पुन्हा मारून व्हॅक्युम संपवू नका, एकदाच दाबून धरा, हँडब्रेकची मदत घ्या. पट्टा शाबूत असेल, काटा जागेवर असेल, ब्रेक नेहमीसारखा असेल, तर फक्त चार्जिंग गेलंय. मग इंजिन बंद करू नका, कारण परत सुरू होईलच याचा भरवसा नाही. एसी, पंखा, टेप, मोबाइलचा चार्जर बंद करा आणि जवळच्या वायरमनकडं चला.

बॅटरीवर गाडी किती चालेल, हा हिशोब साधा आहे. दोन हेडलाइट साधारण ११० वॅट म्हणजे ९-१० अँपिअर. कॉम्प्युटरवाल्या इंजिनला स्वतःला अजून बरंच लागतं. पाऊस असेल तर वायपरचे वेगळे. सगळे धरून २० अँपिअर धरा. ६० ची बॅटरी नवी आणि भरलेली असली तरी ती तळापर्यंत वापरता येत नाही, व्होल्ट पडले की कॉम्प्युटर आधीच मान टाकतो. म्हणजे रात्री तास-दीड तास. बॅटरी जुनी असेल तर अर्धा तास. दिवसा, दिवे न लावता, याच्या दुप्पट-तिप्पट. रात्री आधी हेडलाइट मंद होतात, आणि ते इतके सावकाश होतात की डोळ्यांना कळत नाही. म्हणून रात्री दिवा लागला तर पुढच्या पेट्रोल पंपावर, धाब्यावर, जिथं उजेड आणि माणसं आहेत तिथं थांबावं, असंच मी म्हणेन. पहाटेच्या भावापायी पुढं रेटू नका. माल दुसऱ्याच्या गाडीत टाकता येतो.

ट्रॅक्टरचं दुखणं अजून वेगळं आहे. मध्यम ट्रॅक्टरवर साधारण ३५ ते ४५ अँपिअरच्या आसपासचा डायनामो असतो. त्यावर कंपनीनं दिलेले दिवे आरामात चालतात. आपण वर काय लावतो? चार हॅलोजन, प्रत्येकी ५५ वॅट, म्हणजे १८ अँपिअर. छतावर एलईडीची पट्टी. आणि हल्ली पोरांनी मडगार्डवर बसवलेली ती साउंड सिस्टीम. पाचशे वॅटचा ॲम्प्लिफायर खरोखर तेवढा ओढायला लागला तर एकटाच ४० अँपिअर खातो. उसाच्या फडातून कारखान्यापर्यंत गाणी वाजवत जायचं, गव्हाणीपुढं रांगेत इंजिन बंद करून परत गाणीच, आणि पहाटे सेल्फ लागत नाही म्हणून बॅटरीवाल्याला शिव्या. माझा गाण्यांना विरोध नाही. पण १०० लिटरच्या टाकीला १५० लिटरचा नळ लावल्यावर टाकी कोरडी पडणार, त्यात टाकीचा काय दोष?

यात जीव कुठं जातो ते आपल्याला माहीत आहे. बॅटरी वाचवायची म्हणून ट्रॉलीचे मागचे दिवे बंद. दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, रिफ्लेक्टर पाचटाखाली झाकलेला, आणि मागून येणारा मोटरसायकलवाला. दर हंगामात अशी बातमी वाचायला मिळते आणि लोक म्हणतात, ट्रॅक्टरवाले दिवे लावत नाहीत, बेशिस्त आहेत. बेशिस्त आहेतच काही. पण मी ज्यांना विचारलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं उत्तर होतं, "दिवे लावले की बॅटरी उतरते." म्हणजे त्यांचा डायनामो भरत नाही आणि ते त्यांनी कायमचं धरून चाललंय. हंगाम दिवाळीच्या पुढं-मागं सुरू होतो. त्याआधी कारखान्यानं रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घ्यावी, जरूर घ्यावी, पण त्याच रांगेत एकानं मीटर घेऊन प्रत्येक ट्रॅक्टरचं चार्जिंग मोजावं. मागचा दिवा लागतो का आणि लागून टिकतो का, हे रिफ्लेक्टरइतकंच महत्त्वाचं आहे.

आपल्या गाड्यांचे डायनामो शहरातल्यापेक्षा लवकर का जातात, त्यालाही कारणं आहेत. मळणीचा भुसा आणि पाचटाची कुसं डायनामोच्या जाळीत बसतात, हवा खेळत नाही, तो तापतो. गाडी धुताना एचटीपी पंपाचा फवारा थेट त्याच्यावर मारतात, पाणी बेअरिंगमध्ये आणि कार्बनमध्ये जातं. रासायनिक खताची पोती वाहिली की त्याची भुकटी टर्मिनलवर आणि अर्थिंगच्या पट्टीवर बसते, दमट हवेत तिथं गंज धरतो. डायनामो चांगला, बॅटरी चांगली, आणि मधली अर्थिंगची पट्टी कुजलेली, असं मी किती वेळा पाहिलंय. तीही मीटरनंच सापडते. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, एक वायर बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी डायनामोच्या अंगाला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंग खराब. तसंच बॅटरीचा प्लस आणि डायनामोमागचा जाड वायरचा बोल्ट यांच्यात मोजा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरींबद्दल लिहीत नाही, तो वेगळाच विषय होईल.

आवाजही ऐका. सकाळी सुरू केल्यावर चिरकतो तो पट्टा ढिला किंवा गुळगुळीत झालेला. इंजिन बंद असताना मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर साधारण बोटाच्या जाडीइतका दबावा, जास्त ताणला तर बेअरिंग खातो. घरघर करतो तो बेअरिंगचा. व्हॅक्युम पंपवाल्या डायनामोतून तेल गळत असेल तर ते कार्बनवर जातं, तेव्हा गळती आधी काढा. रात्रभर उभ्या गाडीचा डायनामो सकाळी हाताला कोमट लागला तर डायोड फुटलाय आणि बॅटरी उलटी त्याच्यातून रिकामी होतेय. पट्ट्याजवळ वाकताना गळ्यातला टॉवेल काढून ठेवा. बॅटरी सोडताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. आणि तिच्याजवळ बिडी नको. चार्ज होताना तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो.

दुरुस्तीबद्दल एवढंच म्हणेन की आख्खा डायनामो बदला असं कोणी सांगितलं तर आधी विचारा, आत काय गेलंय? बऱ्याचदा कार्बन झिजलेले असतात. ते फार स्वस्तात होतं. रेग्युलेटर, बेअरिंग, डायोड प्लेट, सगळं सुटं मिळतं. तालुक्याच्या गावी जुना, हातानं डायनामो खोलून वाइंडिंग बघणारा कारागीर अजून आहे, त्याला धरून ठेवा. रोटर जळालेला किंवा घासलेला असेल तर मात्र नवा घेतलेला बरा.

आणि मेलेली बॅटरी दुसऱ्या गाडीवरून वायर लावून सुरू केली, की "आता चालता चालता भरेल" म्हणून लांबच्या फेरीला निघू नका. पूर्ण रिकामी बॅटरी भरायला लागला की डायनामो पूर्ण ताकदीनं, तापून काम करतो. अशक्त असला तर त्यातच जातो. आधी चार्जर, मग रस्ता.

माझ्या नोंदवहीत पावसाच्या पानाशेजारी आता गाड्यांचं एक पान आहे. बॅटरी घेतल्याची तारीख, सकाळचे व्होल्ट, चालू इंजिनचे व्होल्ट, दिवे लावून आलेले व्होल्ट. महिन्यातून एकदा. गेल्या वर्षी पिकअपचा तिसरा आकडा १३.६ वरून दोन महिन्यांत १३.१ वर आला, तेव्हा दिवा लागायच्या आधीच डायनामो खोलला. कार्बन नखाएवढे उरले होते.

कृषी विभागातल्या आणि कृषी विज्ञान केंद्रातल्या मित्रांना एक विनंती आहे. मेळाव्यात माती परीक्षणाचं टेबल असतं, पाण्याचा ईसी-पीएच मोजायचं असतं. त्याच्या शेजारी अजून एक टेबल मांडा. त्यावर एक मीटर, एक बॅटरी आणि शक्य झालं तर एक खोललेला डायनामो ठेवा. मेळाव्याला पन्नास-शंभर गाड्या येतातच, येईल त्याची मोजून द्यायची आणि आकडा कागदावर लिहून त्याच्या हातात द्यायचा. आमच्या भागात असा मेळावा कोणी घेणार असेल तर मीटर घेऊन दिवसभर बसायला मी येतो, फक्त चहाची सोय करा. आणि यापुढं बॅटरीच्या दुकानात गेलात तर बिलावर जुन्या बॅटरीचे आणि चालू गाडीचे व्होल्ट लिहून मागा. लिहून देत नसेल तर दोन दुकानं पुढं जा.